उरलेला हात

मिलान, गुरुवार रात्र

आजचा अख्खा दिवस स्फोर्झा किल्ल्यात, मायकेलअँजेलोच्या रोंदानिनी पिएतासमोर, म्हणजे मृत येशूला धरलेल्या त्याच्या आईच्या, मरियाच्या शिल्पासमोर. जुन्या स्पॅनिश इस्पितळाच्या दालनात २०१५ पासून हे शिल्प एकटंच आहे, आणि दारातून आत गेलं की आधी त्याची पाठ दिसते. वाकलेल्या मरियाची पाठ. खालून वरपर्यंत एकच बाक. फार आवडली ही मांडणी. मागून पाहताना तर येशूनेच आईला पाठुंगळी घेतल्यासारखं वाटतं. वळसा घालून पुढे आल्यावर कळतं की तीच त्याला मागून कवटाळून उभी आहे, आणि त्याचं शरीर खाली घसरतंय.

येशूचे पाय पूर्ण झालेले, झिलई दिलेले. नजर वर सरकते तसा दगड खडबडीत होत जातो. छातीवर, चेहऱ्यावर दातेरी छिन्नीचे ओरखडे तसेच आहेत. आणि बाजूला, कोणाच्याच खांद्याला न जोडलेला एक उजवा हात. आधीच्या येशूचा. तो येशू बराचसा घडवून झालेला असताना मायकेलअँजेलोने त्याचं धड तासून टाकलं आणि नवं शरीर मागच्या मरियाच्या दगडातून काढलं. आई आणि मुलगा आता एकाच अंगाचे झालेत. मरियाच्या डोक्यावरही जुन्या चेहऱ्याची खूण राहिली आहे, वेगळ्या दिशेला वळलेली.

माझा हात मातीत तयार झाला. मातीत कमी पडलं तर लिंपायचं, जास्त झालं तर कोरणीने काढायचं, मनासारखं झालं की साचा. दगडात भर घालता येत नाही. गेलं ते गेलं. म्हणून तर त्याने नवं शरीर आईच्या अंगात शोधलं! पुरेसा दगड तेवढ्यातच उरला होता. मी त्या जोडाजवळ कितीतरी वेळ उभी होते. इतकी उत्कट कल्पना दगडाच्या अडचणीतून निघाली असेल, हे पाहून अंगावर काटा आला.

रोमच्या सेंट पीटर्स चर्चमधला पिएता त्याने १४९९ च्या सुमारास, चोविशीत केला. तो निर्दोष आहे, मान्य. पण मला हा जवळचा. १८ फेब्रुवारी १५६४ ला तो गेला, नव्वदीच्या उंबरठ्यावर. त्याच्या काही दिवस आधीपर्यंत याच दगडावर उभ्याने काम करत होता. म्हातारपणी झोप येईना की जाड कागदाच्या टोपीवर मेणबत्ती खोचून तो रात्री कोरत बसे, म्हणजे दोन्ही हात मोकळे, असं त्याचा चरित्रकार वासारी याने लिहून ठेवलंय. त्या वयात बहुतेक तयार झालेलं काम पुन्हा फोडायचं बळ कुठून येतं?

माझ्या स्टुडिओत आईची बसलेली आकृती ओल्या कापडात गुंडाळून ठेवली आहे. हात सुरेख उतरलेत, खांद्यांत मात्र आई नाही. इतके दिवस हातांना धक्का लागेल म्हणून खांदे उघडले नव्हते. आता उघडणार. तारेच्या सांगाड्यापर्यंत जावं लागलं तरी चालेल.

उद्या सकाळी परत किल्ल्यात. डाव्या बाजूने, जिथे तो सुटा हात आणि नवी छाती एका नजरेत येतात, तिथून रेखाटन करायचं राहिलंय.