आमची वाटचाल : पाण्यातसुद्धा टायफॉइड

"तिथं पाणी दिलं तरी टायफॉइड निघतो." कोंबड्यांचे रोग तपासणाऱ्या आमच्या लॅबबद्दल हे वाक्य सोलापूरच्या पोल्ट्रीवाल्यांत अजून फिरतं. टायफॉइड म्हणजे कोंबड्यांचा, साल्मोनेला जंतूमुळे होणारा. ते सोडणारे गृहस्थ औषधविक्रीतले. पाच हजारांच्या औषधावर टेस्ट फुकट द्यायचे. नाव लिहीत नाही. पण एका आठवड्यापुरतं ते वाक्य खरं होतं, म्हणून जास्त झोंबतं.

सुरुवात पूर्व भागात, बंद पडलेल्या मागाच्या खोलीत. शेजारी चादरीचे लूम चालू, त्या हादऱ्यानं काटा स्थिर राहायचा नाही. अगारोज (जेलची पूड) आम्ही कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत मोजायचो. जुनी पीसीआर मशीन (जंतूच्या डीएनएच्या कोट्यवधी प्रती काढणारी), थेंब मोजून उचलणाऱ्या तीन पिपेट, एक जेल टँक (त्या प्रती पट्टीसारख्या दाखवणारी). कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, साल्मोनेला चार-पाच दिवस खातो, श्वासाच्या रोगाचा मायकोप्लाझ्मा तीन-तीन आठवडे. तोवर ब्रॉयलरचा लॉट विकूनही होतो. आमचा रिपोर्ट सकाळी स्वॅब आला की संध्याकाळी.

तो आठवडा सोलापूरच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचा. निम्मा स्टाफ सुट्टीवर, आणि थंडीमुळे शेडमध्ये शिंका सुरू, म्हणजे आम्हाला काम दुप्पट. नव्या पोरानं जेलच्या टेबलावरची पिपेट उचलून मास्टर मिक्सला, म्हणजे पीसीआरच्या रसायनांच्या मिश्रणाला लावली. आधीच्या रनमधले साल्मोनेलाच्या इन्व्ह-ए जीनचे कोट्यवधी तुकडे तिच्यातून सगळ्या रिएजंटमध्ये गेले. यूव्हीखाली प्रत्येक लेनमध्ये साल्मोनेलाची पट्टी (284 बेस जोड्यांची). निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे जी नळी कोरी निघायलाच हवी, तिच्यातही फिकट दिसली. ती मला दिसली होती. "धुरकट आहे, चालेल," म्हणत मी दोन दिवस रिपोर्ट सोडले. कंट्रोलमध्ये आम्ही घालतो काय? नुसतं पाणी.

पोराला मी दोष देत नाही. सही माझी होती.

मोहोळकडचे एक लेयरवाले (अंड्यांच्या कोंबड्यांचे) अण्णा कागद घेऊन आले. "अंडी कमी नाहीत, मर नाही, विष्ठा नीट. मग तुझा टायफॉइड बसलाय कुठं?" मी खरं ते सांगितलं. पाच जणांना फोन केले, पैसे परत केले. दोघांनी तोवर औषध पाजलं होतं. प्रायमर, एन्झाइम, बफर, सगळं फेकलं. हायपोक्लोराइटनं (ब्लीचनं) टेबलं पुसली, फिल्टर टिप्स आणल्या, जेलची खोली गल्लीपलीकडे नेली. त्या खोलीत गेलेला माणूस त्या दिवशी मास्टर मिक्सच्या खोलीत येत नाही, मग तो मालक का असेना. चार महिने गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. लॅब विकायची बोलणीही झाली.

मग अण्णा पुन्हा आले, दहा नळ्या घेऊन. वर फक्त आकडे. रिपोर्टमध्ये दोन पॉझिटिव्ह, 4 आणि 7. अण्णांनी खिशातली चिठ्ठी काढून ताडून पाहिली. दोन्ही मर लागलेल्या शेडमधल्या. 9 नंबरचा स्वॅब नुसता बोअरच्या पाण्यात बुडवलेला. "पाणी पाणीच निघालं," एवढंच बोलले, आणि पुढच्या आठवड्यात चार शेडवाल्यांना घेऊन आले.

पुढची वर्षं बरी गेली. 2020 नंतर तर पीसीआर म्हणजे काय हे समजावायचं कामच संपलं.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. स्वॅब अँटिबायोटिक पाजायच्या आधी घ्या. मायकोप्लाझ्मासाठी तो टाळूच्या फटीतून घ्या, नुसतं नाक पुसून भागत नाही. लाकडी काडीचा कापूस नको, लाकडातला अंश रिॲक्शन अडवू शकतो. प्लास्टिक काडी घ्या, बर्फात पाठवा. पीसीआर मेलेल्या जंतूचाही डीएनए पकडतो, त्यामुळे पॉझिटिव्ह दिसलं की लगेच औषधाच्या दुकानात पळू नका. कुठलं औषध लागू पडेल हे जंतू वाढवून त्यावर औषधं तपासणारी कल्चर-सेन्सिटिव्हिटीच सांगते. आणि कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कुणी हळूच हातात ठेवलं तर परत करा. 2019 पासून पोल्ट्रीसाठी त्यावर बंदी आहे. फुकट टेस्टवाल्यांकडून हे ऐकायला मिळणार नाही.

अण्णांच्या नळ्या अजून येतात. दहात एक पाण्याची असते. कोणती, ते आधी सांगत नाहीत. बिल मात्र दहाचं भरतात.