करंट की पेट्रोल?

गाडी सुरूच होत नसेल तर त्यात एक प्रकारची सोय असते. ती दारात, आपण दारात, मेस्त्री फोनवर. बॅटरी उतरलेली असते नाहीतर सेल्फ गेलेला असतो. तासाभरात निकाल लागतो. खरा छळ मांडते ती चालता चालता बंद पडणारी गाडी. आमची जुनी गाडी (कंपनीचं नाव सांगत नाही, वीसेक वर्षं उन्हापावसात राबल्यावर कुणाचंही असंच होईल) घरातून निघते तेव्हा अगदी गुणी असते. कात्रजचा बोगदा ओलांडते, शिरवळ मागे टाकते आणि खंबाटकीचा चढ लागला की मध्येच गप्प होते. मागचे ट्रक हॉर्न द्यायला लागतात. आपण कशीबशी कडेला घेतो, बॉनेट उघडतो आणि आत बघण्यासारखं काय असतं हे ठाऊक नसतानाही गंभीर चेहऱ्याने बघत राहतो. थोड्या वेळाने किल्ली फिरवली की पहिल्या सेल्फला सुरू! दुसऱ्या दिवशी गॅरेजात दुपारभर चालू ठेवा, एक ठोका चुकवणार नाही. दुखणारी दाढ दवाखान्याची पायरी चढताना थांबते, तसला हा प्रकार.

अशा गाडीच्या मालकाला सोसायटीत कुणी एकटं पडू देत नाही. पार्किंगमध्ये बॉनेट वर गेलं की माणसं खाली येतात. एकजण म्हणतो कॉइल. दुसरा म्हणतो प्लग बदला, तेही ओरिजिनल घ्या, नाना पेठेत दुकान सांगतो. मेव्हण्याने तर फोनवरूनच ‘ईसीएम गेलाय’, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय, असं सांगून ठेवलं. जरा खोलात शिरलं की कळतं, ज्याच्या गाडीचा जो पार्ट पूर्वी गेला होता तोच तो आपल्या गाडीला लावून बघतो आहे. ‘विकून टाका आता’ म्हणणाराही एक असतो. त्याच्याकडे गाडी नसते.

तळमजल्यावरचे काका मात्र ठाम होते. ‘सगळा इथेनॉलचा प्रताप.’ त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यासमोर ठेवून जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील बनवलेलेच नव्हते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं सुखाने बसलेला गाळ सोडवून पुढे पाठवतं. तो फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पण फिल्टर तुंबलेली गाडी आधी कुरकुरते. चढावर ओढ कमी होते, पाय दाबला तरी पिकअप येत नाही, ती झटके देते, मिस मारते आणि मग थांबते. आमची तसलं काही करत नव्हती. ती धावता धावता एकदम मरायची.

हा फरक केवढा मोठा आहे, ते आमच्या मेस्त्रींनी समजावलं. त्यांच्या वस्तादांची उमेदीची वर्षं पद्मिनीखाली झोपून गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती पद्मिनी, जिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या काळी गाडी बंद पडली की वस्ताद एकच प्रश्न विचारायचे : करंट की पेट्रोल? प्लगची वायर काढायची, इंजिनच्या लोखंडाजवळ धरायची, कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. निळी ठिणगी टणकन उडाली तर करंट आहे, म्हणजे पेट्रोल बघा. नाही उडाली तर ठिणगी पाडणारे भाग बघा : पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. निम्मी गाडी तिथेच बाद व्हायची. मे महिन्यात बोरघाट चढताना गाड्या कडेला लागायच्या त्या बहुतेक पेट्रोलच्या खात्यातल्या. पेट्रोलमधले हलके घटक चाळिशीच्या आसपासच्या तापमानाला उकळू लागतात. पंप इंजिनलाच चिकटवलेला, त्यामुळे नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरायची आणि पंप नुसता वाफ चघळत बसायचा. मग पंपावर ओलं फडकं टाकायचं, आणि ते सुकेपर्यंत घाटातल्या माकडांना शेंगदाणे टाकायचे.

आताच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि नळीतलं पेट्रोल दाबाखाली, त्यामुळे फडक्याचा जमाना संपला. प्रश्न मात्र संपला नाही, फक्त त्याला शेपूट फुटली. मेस्त्री म्हणाले, ‘काय झालंय ते मी बघतो साहेब. तुम्ही फक्त कधी होतं ते सांगा.’

सिग्नलला पाय उचलला की बंद पडत असेल तर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेत, काजळी साचलेली असणार; पाय काढल्यावर इंजिनला जो घोटभर वारा लागतो त्याची वाट बुजली आहे. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडत असेल तर कुठेतरी वायर सैल आहे : बॅटरीचा टर्मिनल, नाहीतर बॉडीला दिलेली अर्थिंगची पट्टी, जिच्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला असतो. किंवा किल्लीचं कुलूपच झिजलेलं असतं. किल्लीला गणपती, कपाटाच्या चाव्या आणि एक पितळी घंटा लटकवून हिंडणाऱ्यांनी याचा विचार करावा. लांब पल्ल्यात, टाकी रिकामी होत गेल्यावर बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडून बघायचं. ‘सुस्स’ करून हवा आत शिरली तर झाकणाचं भोक बुजलंय. पेट्रोल जातंय पण त्याच्या जागी हवा येत नाही, मग पंप कितीही ओढेना. पहिल्या पावसात बंद पडत असेल तर जुन्या प्लग-वायरींतून करंट भलतीकडे पळतोय. आणि गरम झाल्यावर एकदम बंद, थंड झाल्यावर एकदम चालू, असं असेल तर? मेस्त्रींनी पान्याने बॉनेटवर टकटक केलं. ‘पेट्रोल तुटलं तर गाडी आचके देत मरते. करंट तुटला तर दिवा बंद केल्यासारखी मरते.’

हे वाक्य मला गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरपेक्षा मोलाचं वाटतं. कारण स्कॅनर लावून झाला होता. पोऱ्याने स्टिअरिंगखाली वायर खुपसली, पडद्यावर गोल फिरलं आणि ‘एकही दोष नाही’ असा निर्वाळा आला. आमच्याकडे खात्री करायची म्हणजे हल्ली स्कॅनर लावायचा, आणि स्कॅनरला काही सापडलं नाही की अंदाजाने पार्ट बदलत सुटायचं. त्याच हिशोबाने मेस्त्रींनी पावसाळ्याआधी टाकीतला पंप बदलून टाकला होता. पंप साधासुधा नव्हे. बिल बघून मी बसून घेतलं. गाडी पुढच्या चढाला पुन्हा बंद पडली, नव्या पंपासकट.

बंद पडते त्या क्षणी आत बसलेल्या माणसाला निरीक्षण वगैरे सुचत नाही, हीच यातली मेख. पॉवर स्टिअरिंग एकदम जड होतं. ब्रेकमध्ये एक-दोन वेळा नीट लागण्यापुरता जोर शिल्लक असतो, तो पुन्हापुन्हा पंप मारून वाया घालवायचा नसतो. किल्ली घाईने पूर्ण मागे नेऊन काढायची नसते, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप लागतं. चारी इंडिकेटर लावायचे, वेग आहे तोवर डावी बाजू गाठायची. एवढ्या गडबडीत मीटरकडे कोण बघणार?

बायको बघत होती. तिला गाडीतलं काही कळत नाही असं ती स्वतःच सांगते, आणि म्हणूनच बहुधा तिला कॉइल किंवा इथेनॉल काही सिद्ध करायचं नव्हतं. एका शनिवारी ती सोबत गॅरेजात आली, पोऱ्याने आणलेला चहा हातात घेतला आणि सहज म्हणाली, ‘तो डावीकडचा काटा आधी पडतो.’

मेस्त्री चाकापाशी वाकले होते ते उभे राहिले. ‘आरपीएमचा? गाडी पळत असताना?’

‘हो. गाडी पळत असते आणि काटा झोपलेला असतो.’

‘क्लच दाबायच्या आधी, वहिनी?’

‘ह्यांना कळायच्या आधी.’

गाडी गिअरमध्ये पळत असेल तर इंजिन बंद पडलं तरी चाकं त्याला फिरवत राहतात. म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या त्या आरपीएमच्या काट्याने गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरायला हवं. तो धाडकन शून्यावर पडतो, याचा अर्थ इंजिन फिरतंय ही बातमीच वर पोचत नाही. ती बातमी देणारा असतो क्रँक सेन्सर. इंजिनच्या दांड्यावर दात्यांचं एक चाक, त्याच्याजवळ लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. दाते समोरून गेले की गुंडाळीत बारीकसा करंट उठतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो, ठिणगी कधी टाकायची, पेट्रोल कधी सोडायचं. वर्षानुवर्षं इंजिनच्या धगीत राहून ती तार कुठेतरी तडकते. थंड असताना टोकं एकमेकांना टेकलेली, गरम झाल्यावर सुटलेली. सेन्सर गप्प झाला की कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन थांबलंय. तो ठिणगीही बंद करतो आणि पंपही. म्हणजे वस्तादांच्या प्रश्नाचं उत्तर ‘दोन्ही’. आणि थांबलेल्या इंजिनात दोष कसला नोंदवायचा? म्हणून स्कॅनर कोरा.

मेस्त्रींनी सेन्सर काढला. अंगठ्याएवढा काळा तुकडा, वरून तेलकट, दिसायला ठणठणीत. मीटर लावला : आतल्या तारेचा रोध आठशेच्या आसपास ओहम. ‘बघा, चांगलाय,’ मी म्हटलं. त्यांनी पोऱ्याला टपरीवर पिटाळलं, चहावाल्याकडून उकळतं पाणी आणवलं, सेन्सर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून स्टीलच्या ग्लासात बुडवला आणि मीटर पुन्हा लावला. आकडे सरकू लागले. साडेआठशे, नऊशे, हजाराच्या जवळ. आम्ही चौघं त्या एवढ्याशा ग्लासावर वाकून. मग एकदम सगळे आकडे पुसले गेले आणि पडद्याच्या डाव्या कडेला नुसता १ उभा राहिला. तार तुटली. ग्लासातून बाहेर काढून फुंकर घालत बसलो, तर काही वेळाने आकडे परत हजर. खंबाटकीच्या घाटात जे इतके दिवस चालायचं, ते चहाच्या ग्लासात बसून बघायला मिळालं.

नवा सेन्सर बसवायला टपरीवरचा दुसरा चहा संपेपर्यंतचा वेळ लागला आणि पैसे अर्ध्या टाकी पेट्रोलपेक्षा कमी. मी पाकीट काढलं, मेस्त्री फडक्याला हात पुसत होते.

‘आणि पावसाळ्याआधी पंप बदलला होता, तो कशाला?’ बायकोने विचारलं.

मेस्त्रींनी फडकं खांद्यावर टाकलं.

‘तो पण जुनाच होता, वहिनी.’