तुम्ही विचारलंत म्हणून: हो, मी खार मारली

ग्वाल्हेरात बाड्यावर भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, परवा तर दवाखान्याच्या रांगेतसुद्धा तेच. "मावशी, तुम्ही अमेरिकेत बाणानं खार मारलीत म्हणे?"

मारली. पेनसिल्व्हेनियात, धाकट्या भावाकडे, रीतसर परवाना काढून, भडक नारिंगी टोपी घालून. तिथे खार शिकारीत मोडते, माणशी दिवसाला सहापर्यंत मारता येतात. इथे १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, तेव्हा माझ्या अंगणातल्या पेरूवरच्या खारींची काळजी करू नका. त्या मजेत आहेत, पेरू मात्र आम्हाला मिळत नाहीत.

"अहो, रामाची खार!" म्हणणाऱ्यांना मी ऐकवायचे की तिकडची करडी खार आपल्या खारीच्या चौपट वजनाची असते आणि तिच्या पाठीवर पट्टेच नसतात, म्हणजे रामाची बोटं फिरलेलीच नाहीत. लोक हसायचे, विषय संपायचा. हल्ली हे सांगत नाही. पळवाट होती ती. पण रविवारी मटणाचा रस्सा ओरपून, आजोबांनी मारलेल्या काळविटाच्या मुंडक्याखाली बसून मला पाप-पुण्य शिकवणाऱ्यांचंही ऐकणार नाही. शिवपुरीच्या जंगलात शिंदे सरकारांच्या शिकारीला हाका घालायला लष्करातून कोण कोण जायचं, ते मला ठाऊक आहे.

पहिली खार जागीच गेली. वहिनीनं गरम मसाला लावून शिजवली, सगळ्यांनी खाल्ली.

दुसरीचं सांगते. खार माणूस दिसला की खोडाच्या पलीकडे सरकते, म्हणून एकानं गुपचूप बसायचं आणि दुसऱ्यानं झाडाला वळसा घालायचा. भाऊ फिरला, खार माझ्या बाजूला आली. बाणाला बोथट टोक होतं. ते घुसत नाही, नुसत्या दणक्यानं मारतं, त्यामुळे बाण उंच फांदीत रुतून बसत नाही. पिसंही मोठाली, वर सोडलेला बाण फार लांब जाऊ नये म्हणून. नेम बरोबर बसला. खार घसरली, लोंबकळली आणि नुसत्या पुढच्या पायांवर स्वतःला ओढत ओढत वर चढली. मागचं अंग हलत नव्हतं. दुसरा बाण लावेपर्यंत ती ढोलीत शिरली होती. ढोली दोन मजले उंच. आतून नखांचा आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा. भाऊ म्हणाला, "ताई, चल, मरेल ती आत." मी अंधार पडेपर्यंत तिथेच उभी. करण्यासारखं काही नव्हतं, तरी उभी.

नेम चुकला असता तर मला बरं वाटलं असतं.

तिरंदाजीच्या मैदानावर पोरींना मीच सांगायचे, बंदुकीपेक्षा बाण प्रामाणिक, जनावराच्या जवळ जावं लागतं. जवळ जावं लागतं हे खरंच आहे. पण त्यातून जनावराला काय मिळतं? सत्तर मीटरवरच्या १२२ सेंटीमीटरच्या टार्गेटवर आयुष्य काढलेल्या बाईनं प्रामाणिकपणाच्या गप्पा माराव्यात का, हेही कुणीतरी तेव्हाच विचारायला हवं होतं. तरीही कोंबडी सोललेली, पिशवीतून आणणाऱ्यापेक्षा मी वाईट, हे मला अजून पटलेलं नाही.

भाऊ म्हणतो, पात्याचं टोक लावलं असतं तर तत्काळ गेली असती. असेल. ऑक्टोबरात परत ये म्हणतोय. जाणार आहे. धनुष्य न्यायचं की नाही ते सामान भरताना बघू, आणि कृपा करून तोवर विचारू नका.