भाषणं फोनवर मिळतात, मग जाता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. तसा हा प्रश्न माझ्या पाचवीलाच पुजलेला आहे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका गाळ्यावर मी हिशेब लिहितो. वर्षातून एकदा रजा टाकून, पदरचे पैसे भरून विचारांच्या परिषदेला जाऊन बसतो. परत आलो की शेठ विचारणारच, "ती भाषणं फोनवर फुकट दिसतात ना? मग जाता कशाला?"

दिसतात. अशाच परिषदा भरवणाऱ्या अमेरिकेतल्या 'टेड'वाल्यांनी २००६ पासून आपली भाषणं इंटरनेटवर फुकट टाकायला सुरुवात केली, आणि १८ मिनिटांत गुंडाळायची शिस्तही त्यांचीच. १९८४ साली कॅलिफोर्नियात त्यांची पहिली परिषद भरली ती तोट्यात गेली; दुसरी भरायला १९९० उजाडलं. हिशेब लिहिणाऱ्याला अशा गोष्टी लक्षात राहतात.

पण फोनवर मी ऐकतो काय, तर जे आधीच पटलेलं आहे ते. जरा कंटाळा आला की अंगठा पुढे सरकलाच. सभागृहात रांगेच्या मधोमध बसलं की तसं चालत नाही. उठायचं तर दहा-बारा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात. त्या गुडघ्यांच्या धाकानं जे ऐकलं, ते आपण होऊन मी कधीच ऐकलं नसतं.

मागच्या खेपेचंच घ्या. कार्यक्रमपत्रिकेवर 'शहर आणि पावसाचं पाणी' वाचून चहाला सटकायचं ठरवलं होतं, पण अडकलो. वक्ते निवृत्त इंजिनिअर. सुरुवात त्यांनी लांबून केली. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे आपल्या नवी मुंबईची, कल्पना मांडली, ते वसवायला १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, आणि वाशीत लोकल पोहोचायला १९९२ साल लागलं. ते तर आम्ही भोगलंय म्हणून मी पुटपुटलो, शेजारच्या बाईंनी मान डोलावली.

मग पडद्यावर एक तळं आलं. ओळखीचं वाटलं. वाटणारच, रोज सकाळी मी त्याच्याच काठानं फिरतो! तिथे बगळे असतात, वास असतो, आणि ते कुणीतरी शोभेसाठी खणून नंतर विसरून गेलंय अशी माझी पक्की समजूत होती.

तो म्हणे होल्डिंग पाँड. आपलं शहर खाडीकाठच्या सखल जमिनीवर. उधाणाची भरती आली की खाडीचं पाणी जमिनीच्याही वर चढतं. नाले सरळ खाडीत सोडले असते तर पावसाचं पाणी बाहेर जायच्या ऐवजी खाडीच आत आली असती. म्हणून डच लोकांच्या धर्तीवर नाल्याच्या तोंडाशी तलाव, आणि तलावाच्या तोंडाशी वरून बिजागरीला टांगलेली झडप. भरतीचं पाणी बाहेरून रेटून ती झडप बंद करतं. तेवढे तास पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. त्या झडपेला ना वीज लागते, ना माणूस. टाळ्या पडल्या, १८ मिनिटं संपली.

या १८ मिनिटांवर माझा राग आहे तो इथेच. टाळीपर्यंतचं सगळं त्यात बसतं, 'पण' बसत नाही. आपल्या व्याख्यानमालांत (पुण्याची वसंत व्याख्यानमाला तर १८७५ पासूनची) प्रास्ताविक, परिचय आणि शाल-श्रीफळात जीव जातो खरा, तरी वक्त्याला 'पण' म्हणायला तासभर मिळतो. इथे तो चहाच्या रांगेत गाठावा लागतो. मी गाठला. इंजिनिअरसाहेबांच्या हातात वडा होता, तरी त्यांनी सगळं सांगितलं: तलाव गाळानं भरत आलेत, गाळावर खारफुटी उगवलीय, खारफुटी तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी हवी, आणि ती राखण्यातही शहराचंच हित आहे. "आता तुम्हीच सांगा, काय काढायचं?" मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

पुढच्या रविवारी ओहोटीची वेळ बघून झडप शोधायला गेलो. सापडली. लोखंडी, गंजलेली, कडांना शेवाळ. खालच्या फटीत एक नारळ अडकलेला, शेंडीसकट, सोबत झेंडूच्या माळेचा दोरा. नारळाच्या जाडीएवढी ती झडप उघडीच. म्हणजे भरतीलाही उघडीच! अर्धा तास उभा राहिलो. कुणाला फोन करायचा ते कळेना. दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज दिला, कारकुनानं "झडप म्हणजे कुठली?" विचारल्यावर त्याला अर्जाच्या मागे चित्र काढून दाखवलं.

शेठनी रजेचा पगार कापला, तो कापणारच होते. जुलैत मात्र एकदा धो धो कोसळत असताना त्यांचा फोन आला. नाशिकचे दोन ट्रक निघायचे होते, मार्केटच्या वाटेवर पाणी चढत होतं.

"ते तुमचं भरतीचं... उतरतं कधी म्हणालात?"

मी भरतीचं वेळापत्रक उघडून बसलोच होतो.