तुम्ही विचारलेत म्हणून: बॉयलरचे काळे पाणी

मंगेशीला अभिषेकासाठी आलेले पाहुणे आमच्याकडे उतरतात, परसात फेरी मारतात, लाकडांवरच्या बॉयलरच्या तळातून मी बादलीत काढलेले काळे पाणी पाहतात आणि विचारतात, "काकू, हे पाणी तुम्ही दरवर्षी बदलत का नाही?" मनातला खरा प्रश्न ते विचारत नाहीत, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. या पाण्याने तुम्ही अंघोळ करत नाही. हे लोखंडी टाकीतच राहते; तुमचे पाणी गच्चीवरून येऊन त्यात बुडवलेल्या तांब्याच्या कॉइलमधून तापत न्हाणीत जाते.

देशावरची मंडळी मला क्षारांचा थर आणि व्हिनेगर यांविषयी सांगतात, पण ते त्यांच्या बोअरवेलच्या जड पाण्याचे दुखणे आहे. आमच्या जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी आहे. ते थर धरत नाही, लोखंड खाते. शिवाय ताज्या पाण्यात प्राणवायू असतो, २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम. तो एकदा संपला की जुने पाणी फारसा उपद्रव करत नाही. काळा गाळ हा प्राणवायूच्या टंचाईत होणारा मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, असतो. मला धास्ती लाल गाळाची आहे.

ती बसली चवथीच्या आदल्या दिवशी. बॉयलर बसवून देणाऱ्यांचा माणूस दर उन्हाळ्यात येई, सगळे पाणी सोडून विहिरीचे ताजे भरी आणि 'साफ झाला' असे सांगून जाई. गंजरोधक द्रव्य त्याने कधी घातले नाही. त्या दिवशी घर माणसांनी भरलेले होते, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधणे चालू होते, आणि भट्टीच्या मागच्या पत्र्यावरून पाणी ओघळताना दिसले. ओल्या काजूच्या लाकडांनी थंड बॉयलर पेटवला की धुरातली वाफ पत्र्यावर धरतेच, असे दीर म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. मात्र तसा घाम आतले पाणी ६० अंशांपुढे गेले की सुकतो. हा सुकला नाही, आणि काचेच्या नळीतली पातळी दुपारपर्यंत बोटभर उतरली. विस्तव ओढून काढावा लागला, आणि सगळ्यांच्या अंघोळी गॅसवरच्या पातेल्यांवर झाल्या. सण उरकल्यावर वेल्डरने पत्रा कापला, तेव्हा तळाशी, वेल्डिंगच्या कडेला, लाल गाळाखाली बोराएवढे गंजाचे फोड होते. एकात मी स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबले. आतून ओला काळा चिखल आला आणि टोक आरपार गेले. वीतभर अंतरावरचा पत्रा चांगला जाड होता.

त्याआधीची मी त्या माणसाच्याच बाजूची होते, आणि तिचा एक मुद्दा मला आजही खोडता येत नाही: गाळ साचू दिला तर पत्रा त्याच्याच खाली कुरतडला जातो. म्हणून तळाचा कॉक उघडून मी गाळापुरतेच पाणी काढते, तेवढेच गंजरोधक औषध घातलेले पाणी भरते, पीएच ८.५ ते १० च्या दरम्यान ठेवते आणि त्या औषधातले नाइट्राइट तपासते, कारण वरून उघड्या टाकीत ते हळूहळू नाइट्रेट होऊन निकामी होते. टाकी बंद करता येत नाही. ५०० लिटर पाणी ८० अंशांपर्यंत तापले की १२-१३ लिटरने फुगते, त्याला वाट हवीच. आणि हे विषारी पाणी दरवर्षी ओतायचे कुठे, माडांच्या आळ्यात की विहिरीच्या कडेला?

कॉइल फुटली तर, असे एखादाच विचारतो. गच्चीचा दाब जास्त असल्यामुळे तुमचे पाणी बॉयलरमध्ये शिरेल आणि तो वरून वाहू लागेल, म्हणजे कळेल. पण गच्चीवरची टाकी रिकामी असेल तर उलटही होऊ शकते. दिरांच्या मते कॉइल काढून बाहेर स्टीलचा हीट एक्स्चेंजर, म्हणजे पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारा संच, बसवावा. माझ्या मते त्याने सांधे वाढतील. वाद चालू आहे. तोवर टाकी अर्ध्याखाली गेली की कॉइलचे दोन्ही कॉक मी बंद करते, आणि तुमची पहाटेची अंघोळ कधीकधी खोळंबते ती त्यामुळे.