अंगठ्याला शिकवताना

भिशीत, लग्नाकार्यात, परवा तर रक्त तपासायला गेले होते तिथल्या बाकावरही हा प्रश्न आलाच. “साठी उलटल्यावर गिटार शिकताय म्हणे? जमतं का हो या वयात?” आधी मी “चाललंय आपलं” म्हणून वेळ मारून न्यायचे. मग लक्षात आलं, विचारताना कितीतरी जणींचा आवाज खाली येतो. त्यांना माझी चौकशी करायची नसते, स्वतःसाठी विचारायचं असतं. कुणाला पेटी शिकायची असते, कुणाला पोहायला. म्हणून आता नीट सांगते.

जमतं. फक्त मला वाटलं होतं तिथे अडलं नाही, भलतीकडेच अडलं.

मी शिकतेय ती सोलो ब्लूज. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी घडवलेलं हे संगीत. साथीला ढोल नाही, बाजा नाही, एक माणूस आणि एक गिटार. अंगठा जाड तारांवर ठेका धरतो, तर्जनी आणि मधलं बोट बारीक तारांवर सूर काढतात. तबला आणि गळा दोन्ही एकाच उजव्या हातात आल्यासारखं.

मी चौतीस वर्षं साताऱ्याला एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते. आधी खडखडणारं यंत्र, मग कॉम्प्युटर. आठ बोटं न बघता पळायची. अंगठ्याकडे मात्र एकच काम, शब्द संपला की मोकळी जागा सोडायची. चौतीस वर्षं तो बोटांच्या मागून चालला. इथे नेमकं उलटं. अंगठ्याने पुढे चालायचं, बोटांनी त्याच्या चालीने जायचं. बोटं मऊ पडलीत, तारा टोचतील, सांधे धरतील, ही सगळी भीती मी घरून घेऊन आले होते. अडलं ते या अंगठ्यापाशी.

पहिले दोन महिने मी जाड तारांखेरीज काही वाजवलं नाही. तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवर, अलगद टेकवायची, म्हणजे तार घणघणत नाही, दबका ‘धप्’ असा आवाज येतो. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक ठोके देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर लावायचं आणि बारा बारांचा, म्हणजे बारा आवर्तनांसारखा, फेरा मारायचा. ई, ए, बी सेव्हन ही कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांची नावं. चार बार ई, दोन ए, पुन्हा दोन ई, मग एक बी सेव्हन, एक ए, आणि दोन ई करत घरी परत. एका बारात चार ठोके, म्हणजे फेऱ्याला अठ्ठेचाळीस. ते रोज. तिसऱ्या महिन्यात बारीक तारांवरचं एक बोट आलं आणि सगळं मोडलं. बोट पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर गेलं की अंगठा थांबायचा. शब्द संपायची वाट बघत असल्यासारखा.

मला ऑनलाइन शिकवणारा मुलगा पुण्याचा, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाचा. तो म्हणाला, “काकू, वाजवता वाजवता बोला माझ्याशी. आज भाजी काय केलीत?” मी म्हटलं “मेथी” आणि अंगठा गप्प. पुढच्या आठवड्यात “गवार”, तरी गप्प. हे कितीतरी आठवडे चाललं. मग एका संध्याकाळी वाजवत बसले होते, यजमानांनी आतून विचारलं, “गॅसचं सिलिंडर आलं का गं?” मी म्हटलं, “उद्या येतो म्हणालाय, सुटे पैसे काढून ठेवा.” एवढं बोलून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, खाली धप् धप् चालूच होतं. मी त्या हाताकडे नुसती बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते.

“पण ब्लूजच का? भजनं का नाही?” हेही विचारतात. त्याचं उत्तर एलिझाबेथ कॉटन. त्यांचं एक जुनं कृष्णधवल चित्रण मी निवृत्तीनंतर पाहिलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या या बाई, चष्मा लावून आपल्या एखाद्या मावशी बसाव्यात तशा बसलेल्या, आणि बोटांतून दोन माणसांचं वाजवणं येतंय. लहानपणी स्वतःच शिकल्या, कोवळ्या वयात लग्न झालं, चर्चमधल्या लोकांनी असली गाणी सोडायला सांगितलं. गिटार बाजूला पडली ती कित्येक दशकं. पुढे वॉशिंग्टनला सीगर कुटुंबात घरकामाला असताना त्यांनी त्या घरातली गिटार पुन्हा हातात घेतली. ते घर संगीतकारांचं, त्यामुळे कुणाच्या हातात काय आहे ते ऐकणारे कान तिथे होते. १९५८ साली पहिली रेकॉर्ड आली तेव्हा बाईंनी साठी ओलांडली होती. १९८५ साली ग्रॅमी हे संगीतातलं मोठं अमेरिकन पारितोषिक मिळालं ते नव्वदीत. त्या माझ्यासारख्या नवशिक्या नव्हत्या, बोटांत बालपणीचं होतं, हे मला कळतं. तरीही साठीत गिटार घेऊन बसलेली एक घरकाम करणारी बाई मी डोळ्यांनी पाहिली होती, तेवढं मला पुरलं.

गंमत अशी की त्यांचा हात मला गिरवताच येईना. त्या डावखुऱ्या. उजव्या हाताची गिटार तशीच उलटी धरायच्या, तारा न बदलता. त्यामुळे ठेका बोटांकडे आणि सूर अंगठ्याकडे. मग अंगठा शिकायला मी मिसिसिपी जॉन हर्ट यांच्याकडे वळले. त्यांनी १९२८ साली काही गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी खपली नाहीत आणि ते मिसिसिपीतल्या अ‍ॅव्हलॉन या आपल्या गावी शेतमजुरी करत राहिले. गाण्यात गावाचं नाव होतं, त्यावरून एक संग्राहक १९६३ साली त्यांच्या दारात पोहोचला. त्याच वर्षी सत्तरीच्या आसपासचे हर्ट न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होते. १९६६ साली ते गेले. ब्लूज म्हटलं की लोक आधी रॉबर्ट जॉन्सनचं नाव घेतात. सत्तावीस वर्षांचं आयुष्य, २९ गाणी, अफाट माणूस. पण मला शिकायला हर्टच बरे वाटतात. त्यांचा अंगठा दोन तारांवर आलटून पालटून पडतो आणि कुठेही घाई नाही. दिवसभर राबून आलेला माणूस पडवीत बसून वाजवेल तसं.

आता बांगड्यांचं. उजव्या हातातल्या बांगड्या गिटारीच्या लाकडावर घासायच्या, खरखर व्हायची. काढून ठेवायला मन घेईना. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या, समोर कॉटवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, “काढतेस कशाला? वर सार. आम्ही दळताना कोपरापर्यंत सारायचो.” सारल्या, रुमाल गुंडाळला, काम झालं. मग मी लावलेलं गाणं ऐकून त्यांनीच विचारलं, “तो माणूस एकच ओळ दोनदा का म्हणतोय?” ब्लूजच्या कडव्याची रीतच ती. पहिली ओळ, पुन्हा तीच ओळ, मग तिला जुळणारी तिसरी. मी सांगितलं तशा म्हणाल्या, “मग बरोबर आहे. पुढचं सुचेपर्यंत आम्हीही तेच घोळवायचो. जातं थांबवून कसं चालेल?” आणि हाताने हवेत खुंटा फिरवून दाखवला. मला जे कळायला वर्ष गेलं होतं ते त्यांना दहा मिनिटांत कळलं. जातं म्हणजे अंगठा.

जात्यावरचं गाणं आणि ब्लूज दोन्ही एकच आहे असं मी म्हणणार नाही. गुलामी, मग वाट्याने कापूस पिकवायचा आणि मालकाच्याच दुकानाची उधारी फेडत राहायचं, वंशभेदाचे कायदे, हे भोग त्या लोकांचे आहेत. त्यांचं संगीत हातात घेताना ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून प्रत्येक गाण्याआधी मी ते म्हणणाऱ्याबद्दल वाचते. पण सासूबाईंनी त्या दिवसापासून माझ्या रियाजाला ‘दळण’ म्हणायला सुरुवात केली, आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही.

कान मात्र आपला उपयोगी पडला. ई हा षड्ज धरला तर पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या आडव्या पट्टीपाशी, कोमल गांधार येतो. ब्लूजमध्ये तो तसाच सोडत नाहीत, बोटाने तार किंचित ढकलतात. सूर शुद्ध गांधाराकडे सरकतो आणि पोहोचायच्या आत थांबतो. नेमका कुठे थांबवायचा ते कागदावर लिहून देता येत नाही. मींड ऐकत वाढलेल्या माणसाला मात्र ती जागा परकी वाटत नाही. बोट तिथे न्यायला मला चार महिने लागले, पण कुठे न्यायचंय ते पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं.

बोटांना घट्टे पडले, तीन-चार आठवड्यांत टोचणं कमी झालं. माझा खरा त्रास वाद्याचा निघाला. दुकानदाराने जी गिटार दिली तिच्या तारा बाराव्या फ्रेटपाशी चांगल्या चार मिलिमीटर वर होत्या. दाबून दाबून मनगट दुखायचं आणि मी वयाला दोष द्यायचे. कारागिराकडून त्या अडीचपर्यंत उतरवून घेतल्या, बारा नंबरच्या जाड तारांच्या जागी दहाचा हलका संच लावला, आणि मनगट शांत झालं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते, म्हणून मी भेटेल तिला सांगते.

तीन वर्षांत तीन गाणी पुरी येतात, चौथं चालू आहे. त्यात ए वरून बी सेव्हनवर जाताना करंगळी अजून उशिरा पडते, तेवढा एक बार सध्या रोज वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी.

आवाज खाली आणून विचारलंत तर मी आता घरीच बोलावते. गुरुवारी चारनंतर मी मोकळी असते. गिटार आत्ताच घेऊ नका, माझी आहे. डाव्या हाताची नखं तेवढी कापून या.