खोडदची चाळणी आणि पल्सारची टिकटिक

नारायणगाव म्हटलं की लोकांना टोमॅटोचं मार्केट आठवतं नाहीतर तमाशाच्या राहुट्या, मला मात्र तिथून खोडदकडे जाताना शेतांमधून एकदम डोकं वर काढणाऱ्या त्या अवाढव्य डिश आठवतात. जीएमआरटी, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण! २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं तिथे, तेव्हा पोराला घेऊन गेलो होतो. पोरगं म्हणालं, बाबा याला तर नुसती भोकंच आहेत, चाळणीसारखी. आणि खरंच की, ४५ मीटर व्यासाची डिश पण पत्रा नाहीच, स्टीलच्या तारेची जाळी फक्त. रेडिओ लहरींची लांबीच एवढी की असल्या बारीक भोकांनी त्यांना काही फरक पडत नाही, आणि वारा आरपार जातो म्हणून सांगाडा हलका, खर्च कमी. डोकं रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचं. अशा ३० डिश आहेत, १४ मधोमध आणि बाकीच्या १६ वाय आकारात लांबवर पसरलेल्या.

तर या चाळण्यांनी काय केलं, ते जून २०२३ मध्ये जाहीर झालं आणि आपल्याकडे दोन दिवसांत विसरलं पण गेलं.

पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गाभा, त्यातले काही सेकंदाला शेकडो गिरक्या घेतात आणि प्रत्येक गिरकीला रेडिओचा एक ठोका पाठवतात, एकदम घड्याळासारखा. आता मधून गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशातच उठलेली लाट, गेली की अंतरच ताणलं-आकसलं जातं, मग ठोका किंचित लवकर किंवा उशिरा पोचतो, किंचित म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी! युरोपातल्या मोठ्या दुर्बिणी आणि आपली जीएमआरटी यांनी मिळून २५ पल्सारांचा साधारण २५ वर्षांचा डेटा चाळला तेव्हा ही गडबड सगळीकडे एका ठरावीक पद्धतीने दिसायला लागली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीनवाल्यांनाही त्याच सुमारास तेच दिसलं.

खोडदचं काम यात वेगळंच आहे. वाटेतल्या अवकाशातले इलेक्ट्रॉनसुद्धा ठोक्याला उशीर करतात, आणि फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितका उशीर जास्त, म्हणून तो उशीर नेमका किती हे जीएमआरटीच्या कमी फ्रिक्वेन्सीवर छान पकडता येतं आणि वजा करता येतं. हिशेबातला कचरा काढायचं काम म्हणा ना. पेपरात नाव येत नाही अशा कामाचं, पण त्याशिवाय पुढचं सगळं लटकतं.

अजून पाच सिग्माचा, म्हणजे हा निव्वळ योगायोग नाही याची जवळजवळ खात्री देणारा, पक्का शिक्का बसलेला नव्हता तेव्हा, त्यामुळे शास्त्रज्ञ "पुरावा" म्हणत होते, "शोध" नाही. लहरींचा उगम बहुतेक एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या.

त्या प्रदर्शनाला गेलो तेव्हा पोरगा दुसरीत होता. आता दहावीला बसलाय, आणि या लहरी इतक्या संथ की तेवढ्या वेळात यातली एखादी लाट जेमतेम एकदा वर-खाली झाली असेल.